मुलांच्या गल्ल्यातली उसनवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना लहानपणापासून बचतीची सवय लावावी, असं सांगणारं लिखाण आपल्या बालपुरवणीत अधूनमधून येतं. मी ते नातवाला वाचून दाखवते. त्यातलं बहुतेक सगळं मुलांना उद्देशून असतं. हट्ट करू नका, पैसे गल्ल्यात टाका, थेंबे थेंबे तळे साचे. त्यात चूक काहीच नाही. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी जे घडलं, त्यानंतर मला वाटू लागलं आहे की या विषयावर आधी मोठ्यांना चार शब्द ऐकवायला हवेत. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण शक्य असेल तर काटछाट न करता छापावं, ही विनंती.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याचा गल्ला म्हणजे झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा. एका बाजूला पोचा पडलेला, त्यामुळे तो जमिनीवर ठेवला की जरा डुगडुगतो. दर रविवारी सकाळी तो डबा पालथा घालून मोजणी करायची, ही त्याची स्वतःची ठरवलेली पद्धत. कोणी शिकवली नव्हती. दहा-दहा नाण्यांच्या चवडी लावायच्या, उरलेली बाजूला मांडायची आणि आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून डब्यातच टाकायचा.

एका रविवारी मोजून झाल्यावर डबा कपाटात न ठेवता तो जुन्या दप्तरात, कपड्यांच्या घडीमागे सारताना मी त्याला पाहिलं. मी विचारलं, "इथे का रे ठेवतोयस?"

तो म्हणाला, "आजी, बाहेर ठेवला की कमी होतात."

चिठ्ठीवर मागच्या रविवारचा आकडा ४१ होता. डब्यात २६ नाणी होती. १५ कमी. चोरी झाली असावी, अशी त्याला शंकाही आली नव्हती. पावसाचं पाणी आटतं तसे डब्यातले पैसे आपोआप कमी होतात, असं त्याने मानून घेतलं होतं.

मी संध्याकाळी सगळ्यांना विचारलं. दारात आलेल्या माणसाला द्यायला सुटे नव्हते म्हणून माझ्या मुलाने आठ नाणी काढली होती. सुनेने चार घेतली होती. आणि तीन मी घेतली होती. प्रत्येकाच्या मनात "नंतर टाकू" असंच होतं. कोणी टाकली नाहीत, कोणी त्याला सांगितलंही नाही. आणि आपण सोडून आणखी दोघांनी घेतली आहेत, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

संपादक महोदय, मी एका बँकेत ३४ वर्षं रोखपाल होते. रोखपालाची संध्याकाळ कशी असते ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. काउंटर बंद झाला की दिवसभराची आवक-जावक आणि पेटीतली रोख यांचा मेळ घालायचा. एकाचाही फरक आला तरी घरी जायचं नाही. पुन्हा मोजायचं, पावत्या पुन्हा चाळायच्या, एखाद्या आकड्यात ६ चा ९ झाला आहे का ते बघायचं. पेटीत जास्त आले तरी तेवढीच काळजी, कारण जास्त आले म्हणजे कोणाचे तरी कमी गेले. अशा कित्येक संध्याकाळी मी परक्या माणसाच्या एका नाण्यासाठी दीड-दीड तास बसले आहे. आणि घरात, माझ्याच नातवाच्या डब्यातून मी तीन नाणी काढली, त्याची कुठे नोंद केली नाही आणि चौथ्या दिवशी विसरूनही गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी मनापासून लिहिते आहे.

आपल्या मनात एक पक्कं बसलेलं असतं: मुलाचे पैसे म्हणजे घरातलेच पैसे. त्याला खायला-ल्यायला आपणच घालतो, मग त्याचं वेगळं असं काय? म्हणून वाढदिवसाला मामाने, आत्याने हातावर ठेवलेली नोट आपण "दे, मी सांभाळून ठेवते" म्हणून काढून घेतो. सांभाळून ठेवते म्हणजे कुठे? कोणत्या पाकिटात? कधीपर्यंत? मूल दोनदा विचारतं, तिसऱ्यांदा विचारत नाही. आपल्याला वाटतं ते विसरलं. माझ्या पिढीतल्या मैत्रिणींना मी मुद्दाम विचारलं. साठी ओलांडलेल्या बायका, पण लहानपणी आपल्या हातातून गेलेली नोट कोणी दिली होती आणि कोणी काढून घेतली होती, हे एकूण एक जणीला आठवत होतं.

माझी सून मानसशास्त्र शिकवते. हा सगळा प्रकार झाल्यावर तिने मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. तो इथे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

मुलासमोर मार्शमेलो नावाची मऊ, गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं, आत्ता खाल्लीस तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी हे प्रयोग साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले, ते पुष्कळांना माहीत असतात. जे मूल थांबतं ते पुढे आयुष्यात यशस्वी होतं, असं त्यावरून सर्रास सांगितलं जातं. मीही ते ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. मनोनिग्रह ही जणू मुलाने जन्मतःच सोबत आणलेली शिदोरी, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

पण २०१२ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रयोगाला आधी एक पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. त्यांना चित्र रंगवायला बसवलं, समोर वापरलेले जुने खडू ठेवले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर मी याहून छान, मोठा संच आणून देते. निम्म्या मुलांना प्रयोग घेणाऱ्या बाईंनी खरोखरच तो आणून दिला. उरलेल्या निम्म्यांकडे बाई रिकाम्या हाताने परत आल्या आणि म्हणाल्या, माफ कर, चुकलं माझं, आपल्याकडे नाहीये. मग असंच एकदा चिकटचित्रांच्या बाबतीत केलं. त्यानंतर मिठाईची ती परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत शब्द मोडला होता ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटातली १४ पैकी ९ निघाली, दुसऱ्या गटात १४ पैकी १.

सुनेने हे आकडे सांगितले तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. मी तिला ते पुन्हा सांगायला लावले. दोन गटांतली मुलं काही वेगळ्या मातीची नव्हती. फरक होता तो समोरच्या मोठ्या माणसाने थोड्याच वेळापूर्वी काय केलं होतं यात. शब्द मोडणाऱ्या बाईंसमोर मिठाई लगेच तोंडात टाकणारं मूल उतावळं नव्हतं. त्याने आपला हिशेब बरोबर केला होता. मग माझ्या नातवाने डबा लपवला तर तो संशयी म्हणायचा का? आणि उद्या तो म्हणाला की डब्यात टाकण्यापेक्षा आजच काहीतरी घेतो, तर त्याला उधळ्या कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बँकेत माणसं पैसे ठेवतात ती व्याजासाठी ठेवतात, असं नव्या लोकांना वाटतं. आम्हा जुन्या माणसांना ठाऊक आहे की आधी विश्वास लागतो, व्याजाचं पुढचं पुढे. मागितले की मिळतील, पूर्ण मिळतील, मिळताना कोणी "कशाला हवेत?" असं दरडावणार नाही, एवढी खात्री असली तर माणूस नाममात्र व्याजावरही पैसे ठेवतो. ती खात्री डळमळली अशी नुसती कुजबुज झाली तरी पैसे काढायला रांग लागते. मुलाच्या डब्याचंही तेच. तीसुद्धा एक बँकच आहे, आणि तिचे कर्जदार घरातली मोठी माणसं आहेत.

थोडं विषयांतर करते. पैसे साठवायची जुन्यात जुनी भांडी कशी होती, हे मी नंतर हौसेने वाचलं. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाचं प्राचीन ग्रीक नगर होतं, तिथे देवळाच्या आकाराची, वर चीर असलेली मातीची पेटी सापडली आहे. ती २००० वर्षांहून जुनी आहे. जावा बेटावर मजापहित राज्याच्या काळातले, म्हणजे १४व्या-१५व्या शतकातले, डुकराच्या आकाराचे मातीचे गल्ले मिळाले आहेत. मातीच्या अशा गल्ल्याला झाकण नसतं. आत गेलेलं नाणं हवं असेल तर गल्ला फोडायचा. मुलाचा हात आवरावा म्हणून ही रचना, असं आपण समजतो. मला आता वाटतं, त्याने इतरांचाही हात आवरला जात असणार. फुटलेला गल्ला सगळ्यांना दिसतो. आमच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण कोणालाही आवाज न करता उघडता येत होतं.

आम्ही काय केलं ते सांगते. एक शंभर पानी वही आणली. त्यात बँकेसारखे रकाने आखले: तारीख, जमा, नावे (म्हणजे काढलेले), शिल्लक. आणि पाचवा रकाना, जो कोणत्याही पासबुकात नसतो: कोणी उसने घेतले. पहिल्याच पानावर तिघांची नावं आणि आकडे घातले. बाबा ८, आई ४, आजी ३. प्रत्येकाने पुढे सही केली. मुलगा आधी म्हणाला, "आई, आठ नाण्यांसाठी सही?" मी म्हटलं, "तू माझ्या काउंटरवर आला असतास तर एकासाठीही घेतली असती." त्यावर तो काही बोलला नाही, खाली बसला आणि सही केली. नातू शेजारी उभा राहून ती सही वाळेपर्यंत बघत होता.

मी आणि सुनेने त्याच दिवशी परतफेड केली. मुलाची परतफेड मात्र अडली, कारण त्याने काढलेली आठ नाणी नवी, चकचकीत होती आणि नातवाला तशीच हवी होती. "तेवढेच तर आहेत, किंमत तीच," हे त्याला पटेना. हे वेड नाही, हे वयच तसं असतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी फार पूर्वी दाखवून दिलं आहे की लहान मुलासमोर सारख्याच संख्येच्या वस्तू एका ओळीत जवळजवळ आणि दुसऱ्या ओळीत लांबलांब मांडल्या, तर त्याला लांब ओळीत जास्त आहेत असं वाटतं. पैशाचंही तसंच. पाच नाणी एका नोटेहून जास्त, मोठं नाणं लहान नाण्याहून मोलाचं. इटलीतल्या आन्ना बेर्ती आणि आन्ना बोम्बी या संशोधिकांनी मुलांच्या पैशाविषयीच्या समजुतींचा बारकाईने अभ्यास केला आहे. दुकानदार सुटे परत देतो तेव्हा लहान मुलांना वाटतं की पैसे मिळण्याचा हा एक मार्गच आहे. आम्ही हसतो, पण त्याला दिसतं ते तसंच दिसतं: एक नोट दिली, चार नाणी आली, शिवाय वस्तू आली.

म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलापुढे भाषण करून उपयोग नाही. त्याच्या हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल असंच शिकवावं लागतं. डबा पत्र्याचा होता तो बदलून आम्ही आता काचेची बरणी केली आहे. पातळी वर चढताना दिसते.

व्याजही आम्ही डोळ्यांना दिसेल असं केलं. वर्षाचं व्याज सहा वर्षांच्या मुलाला काय कळणार? त्याचं वर्ष संपता संपत नाही. मी ठरवलं, दर रविवारी शिल्लक असलेल्या प्रत्येक दहा नाण्यांमागे एक नाणं माझ्याकडून. कोणतीही बँक असा दर देणार नाही आणि तो थोरला झाला की मी त्याला हे स्पष्ट सांगेन. पहिल्या रविवारी बाबाकडची आठ धरून ४१ होती, मी चार दिली. ४५ झाली. आठवड्यात त्याने स्वतःची पाच टाकली, ५० झाली. दुसऱ्या रविवारी मी पाच मोजून ठेवली. तो पाचव्या नाण्याकडे बघत राहिला.

"आजी, मागच्या वेळी चारच दिली होतीस."

"मागच्या वेळी तुझी किती होती?"

त्याने वही उघडली. बोट ठेवून आकडा वाचला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे तू दिलेल्या चारांनापण मिळालं?"

चक्रवाढ व्याज हा शब्द मी ३४ वर्षांत किती वेळा उच्चारला असेल, त्याची मोजदाद नाही. त्याचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

माझी थोरली नात बारा वर्षांची आहे. तिला मी ७२ चा नियम दाखवला. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते अंदाजाने कळतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात हा नियम आहे, आणि आजही तो तितकाच कामाला येतो. दर ८ असेल तर ९ वर्षं. तिने पाटीवर करून पाहिलं. सरळ व्याजाने १०० चे ९ वर्षांत १७२ होतात. चक्रवाढीने २०० ला काही पैसेच कमी पडतात. त्याच दिवशी मी तिला याची दुसरी बाजूही दाखवली, कारण ती लपवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल तर त्याच नियमाने १२ वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात, म्हणजे बरणीत नुसत्या ठेवलेल्या पैशात तेव्हा निम्मीच वस्तू येते. बरणीतली नाणी तेवढीच राहतात, त्यांचं मोल तेवढं राहत नाही. साठवा, साठवा म्हणताना ही गोष्ट मुलांना कोणीच सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलीला ती कळते. माझ्या नातीला कळली, आणि तिने विचारलं की मग मी पैसे ठेवू कुठे. बँकेत खातं उघडण्याची वेळ खरी तेव्हा आली.

आता खर्चाबद्दल. ज्या मुलाला स्वतःच्या साठवणीतून खर्च करायची मुभा नाही, त्याची साठवण त्याची नसते. नातवाने दीड महिन्यांच्या शिलकीतून एक खेळण्यातली गाडी घेतली. घेताना मला दिसत होतं की ती तकलादू आहे. मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिचं मागचं चाक निखळलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, ते मी गिळलं. आम्ही कोणीच नवी गाडी आणून दिली नाही. त्याने ते निखळलेलं चाक उचललं आणि बरणीच्या झाकणावर ठेवलं. ते तिथे दोन आठवडे होतं. पुढची वस्तू घेताना त्याने ती हातात धरून चाकं हलवून पाहिली. एवढं शिक्षण एका गाडीत झालं, आणि ते त्याच्या पैशांनी झालं म्हणूनच झालं.

घरकामाचे पैसे द्यावेत का, असं मला शेजारणी विचारतात. आपलं ताट उचलायला, आपलं अंथरूण घालायला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घर त्याचंही आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग आहे. हौसेने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी रंगवू लागली. ज्यांना बक्षीस कबूल केलं नव्हतं, त्यांची हौस तशीच राहिली. हातखर्च द्यायचा तर ठरलेल्या दिवशी, ठरलेला, कामाशी न जोडता द्यावा. आणि त्या दिवशी न चुकता द्यावा, कारण चुकला की तोही एक मोडलेला शब्द होतो.

मोबाइलने पैसे देण्याचं काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. नातवाला वाटायचं की फोन दाखवला की माणसं वस्तू देतात. पैसा जाताना दिसत नाही, त्यामुळे गेला असं वाटत नाही. सून आता वस्तू घेण्याआधी खात्यातला आकडा त्याला वाचायला लावते आणि घेतल्यावर पुन्हा. एकदा त्याने विचारलं, "हे फोनमध्ये येतात कुठून?" त्या रात्री तिने त्याला आपण काय काम करतो, किती तास करतो, महिन्यातून एकदाच पगार कसा जमा होतो हे सांगितलं. इतके दिवस ते सांगायचं राहून गेलं होतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचते आहे. ज्या घरात महिनाअखेर हातात काही उरतच नाही, तिथे हे वहीचे रकाने कोणी आखायचे? २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून मिशेल यांचा तो जुना निष्कर्ष पुन्हा तपासला. थांबता येणं आणि पुढचं यश यांचा संबंध आधी सांगितला जाई त्याच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरून गेला. म्हणजे घरात उद्याची शाश्वती नसलेल्या मुलाला "तू थांबायला शिक" असं सांगण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही.

पण माझ्या काउंटरवर एक बाई येत असत. महिन्यातून एकदा, फार थोडी रक्कम घेऊन, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. पासबुक नेहमी मुलीच्या हातात. काउंटर उंच होता, ती टाचा उंचावून बघायची, म्हणून मी नोंद झाली की पासबुक तिच्याकडे फिरवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची. तिला आकडा वाचता यायचा. आईला येत नव्हता. दोन-अडीच वर्षं असं चाललं. मग एक दिवस त्या आल्या आणि जवळजवळ सगळेच पैसे काढायचे म्हणाल्या. घरात कोणाचं तरी आजारपण होतं. मी शिल्लक लिहून पासबुक सवयीने मुलीकडे फिरवलं. तिने शेवटची ओळ वाचली आणि आईकडे बघून विचारलं, "संपले?"

आई नोटा मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संपले नाहीत गं. कामाला आले. तुझे त्यातले किती ते लिहून ठेव, पुन्हा टाकायचेत."

म्हणजे त्या रकमेत मुलीचेही पैसे होते आणि ते त्यांनी तिला सांगून घेतले होते. पुढच्या महिन्यात त्या आल्या की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मधेच माझी बदली झाली. पण त्या बाईंना जे अंगवळणी होतं, ते मला नातवाने डबा लपवेपर्यंत सुचलं नव्हतं.

१९२४ साली मिलान शहरात बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरला. त्या निमित्ताने मुलांच्या चित्रकला आणि निबंधाच्या स्पर्धा होतात. आम्हीही बँकेत घ्यायचो, मी स्वतः बक्षिसं वाटली आहेत. आपल्या पुरवणीने त्या दिवसाच्या आसपास एक वेगळी गोष्ट करावी, एवढी माझी मागणी आहे. एक कोरं पान छापा. कापून भिंतीला लावता येईल असं, पाच रकान्यांचं. तारीख, जमा, नावे, शिल्लक आणि कोणी उसने घेतले. खाली मोठ्यांच्या सहीसाठी जागा. चित्र नको, सुविचार नको. वर फक्त एवढंच लिहा की हे पान आईबाबांनी आणि आजीआजोबांनी आधी भरायचं आहे आणि मागची बाकी असेल तर ती पहिल्या ओळीत घालायची आहे. ज्या घरांत मुलाच्या हातात अजून एकही नाणं नाही, तिथे मुलाला दिलेले शब्द त्याच रकान्यात लिहिता येतील. रविवारी बागेत नेईन, असं म्हटलं होतं का? मग तेही उसनंच आहे.

आमच्या वहीत माझ्या मुलाच्या नावावर तीन चकचकीत नाणी बाकी होती. आज सकाळी त्याने कुठूनसं एक आणलं. नातवाने ते खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, बरणीत टाकलं आणि पाचव्या रकान्यातला ३ खोडून २ लिहिला. दोनचा आकडा उलटा पडला होता, म्हणून खोडून पुन्हा लिहिला.

आपली,
एक निवृत्त रोखपाल